पहिला डीएसएलआर घ्यायला निघण्याआधी

आमच्या गावी शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे ती उतरवायच्या चौथऱ्यावर, नाचवतात ती रात्री. उजेड म्हणजे दोन हॅलोजन, बाकी काळोख. माझ्या मोबाईलमधल्या प्रत्येक फोटोत पालखीच्या जागी पिवळा ढग आणि नाचवणाऱ्यांना चार-चार हात. तेवढ्या एका कारणासाठी मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि पहिल्याच फेरीत तोंडावर पडलो. दुकानदाराने ‘कॉम्बो’ म्हणून बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, कार्ड आणि पुसायचा ब्रश असं सगळं एका पिशवीत घालून दिलं. घरी आल्यावर कळलं की लांबची लेन्स त्या बॉडीवर आपोआप फोकसच करत नाही, ट्रायपॉड वाऱ्याने डुलतो आणि पालखीच्या उजेडात जवळची लेन्सही मोबाईलइतकीच आंधळी. दीड वर्षाने सगळा संच निम्म्या किमतीला गेला. दुसऱ्या खेपेला मात्र चिपळूणहून कोकणकन्येने मुंबई गाठली, दोन दिवस कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार पालथा घातला आणि जुना पण धडधाकट कॅमेरा घेऊन आलो. पुढे लिहिलंय ते या दुसऱ्या खेपेत शिकलेलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, हे आता मावळतीचं तंत्र आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर एकही नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. नवशिक्याच्या दृष्टीने हीच चांगली बातमी आहे. मंडळी मिररलेसकडे वळली म्हणून चांगल्या बॉडी आणि त्याहून चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या आहेत. पण तुम्हाला मुख्यतः व्हिडिओ करायचा असेल, रील, मुलाखती, यूट्यूब वगैरे, तर हा लेख इथेच सोडा आणि मिररलेसची चौकशी करा. मी फोटो काढणाऱ्यांसाठी लिहितोय.

१. काय काढायचंय ते कागदावर लिहा

‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही. गेल्या वर्षभरात मोबाईलने काढलेले आणि मनासारखे न आलेले फोटो शोधा. तीच तुमची यादी.

माझ्या यादीत दोनच गोष्टी होत्या: रात्रीची पालखी आणि नमन (आमचं लोकनाट्य), आणि घरामागच्या वडावर येणारे धनेश. पहिल्यासाठी जास्त उजेड आत घेणारी लेन्स लागते, दुसऱ्यासाठी लांबची. दोन्ही कामं नीट करणारी एकच स्वस्त लेन्स जगात नाही, हे कळायला मला एक कॉम्बो विकावा लागला.

घरातलं लहान मूल, सण, जेवणाची ताटं असं असेल तर साधी बॉडी आणि एक ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स पुरे (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). भिगवणचे रोहित किंवा ताडोब्याची सफारी असेल तर निदान २५० ते ३०० मिलिमीटर हवेत. गडकिल्ले, देवळं, वाडे असतील तर १८ मिलिमीटरपासून सुरू होणारी, बॉडीसोबतच मिळणारी किट लेन्सच बरंच काम भागवते. ट्रायपॉडवर विसंबू नका, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्याला वेगळी परवानगी लागते. अजिंठ्यात तर फ्लॅशही चालत नाही.

२. आधी दोन दिवस भाड्याने आणा

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे भाड्याने कॅमेरा देणारे सहज सापडतात. लहान गावात लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवालाही ओळखीवर देतो. शनिवार-रविवारसाठी आणा आणि तुमच्या यादीतलीच गोष्ट काढून बघा.

लागणारी कागदपत्रं: आधारची झेरॉक्स (शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेलं आधार), पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम. मूळ आधार किंवा पासपोर्ट ठेवून घेतो म्हणणाऱ्याकडून भाड्याने घेऊ नका. कॅमेरा हातात घेताना दुकानातच सगळ्या बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ काढा. परत देताना ‘हा ओरखडा तुमचाच’ हा वाद टळतो.

या दोन दिवसांत कॅमेऱ्याचं वजन खरंच कळतं. निकॉन डी३५०० ची बॉडी बॅटरीसकट ४१५ ग्रॅमची, डी७२०० ची ७६५ ग्रॅमची. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. राजगडाची पद्मावती माची चढताना तो मानेला कळतो.

३. बजेटचे तुकडे पाडा

समजा हाताशी ३५ हजार रुपये आहेत. नवशिका ३३ हजारांची बॉडी घेतो आणि उरलेल्यात बॅग. उलटं करा. निम्म्याहून जास्त रक्कम बॉडीवर घालू नका. उरलेल्यात एक चांगली लेन्स, दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी आणि हवाबंद डबा बसला पाहिजे. डब्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो, कोकणातल्या, मुंबईतल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी तो भाग चुकवू नये.

मेगापिक्सेलच्या मागे धावू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे उत्तम दर्जात २० इंच रुंद छापता येतो. तुम्ही तो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणार आहात.

हप्त्याने घेणार असाल तर ‘बिनव्याजी’ या शब्दाखाली प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी किती, ते विचारा. रोखीत मिळणारी सूट हप्त्यात मिळत नाही, हेही व्याजच.

४. कॅनन की निकॉन

यावर लोक नात्यांत वितुष्ट आणतात. नवशिक्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या जवळ कोणाकडे काय आहे? भाऊ, मित्र, ऑफिसातला सहकारी यांच्याकडे कॅननच्या लेन्स असतील तर कॅनन घ्या. उसनी मिळणारी लेन्स ही सगळ्यात स्वस्त लेन्स. पेंटॅक्स आणि सोनीचे जुने डीएसएलआरही चांगले आहेत, पण आपल्याकडे त्यांच्या लेन्स आणि दुरुस्ती मिळणं अवघड, म्हणून पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी ते सुचवत नाही.

दोन्ही कंपन्यांत काही खाचखळगे आहेत, ते मात्र माहीत हवेत.

निकॉनचा पहिला खड्डा फोकसच्या मोटरचा. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत (डी३४००, डी३५००, डी५३००, डी५६०० इत्यादी) फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून या बॉडींसाठी लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलंच पाहिजे. नुसतं एएफ किंवा एएफ-डी लिहिलेली लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. स्वस्तातल्या कॉम्बोत अशी मोटर नसलेली ७०-३०० हमखास असते. डी७००० मालिकेत, म्हणजे डी७१००, डी७२००, डी७५००, बॉडीतच मोटर आहे. दुसरा खड्डा याच्या बरोबर उलटा: नव्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. जुनी बॉडी आणि नवी लेन्स वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणारे इथेच फसतात.

कॅननमध्ये ही मोटरची भानगड नाही. १९८७ पासूनची कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही कॅनन डीएसएलआरवर आपोआप फोकस करते. पण ३०००डी हे मॉडेल मी कोणालाच सुचवणार नाही. लेन्स अडकवायची कडी प्लॅस्टिकची, आणि व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीला) चष्म्याचा नंबर जुळवायची चकतीच नाही. थोडे पैसे घालून १५००डी घ्या किंवा जुनी ७००डी, ७५०डी. दुसरं म्हणजे २००डी मार्क टू आणि ३०००डी यांच्या फ्लॅश लावायच्या खाचेत मधला टोचा नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. १५००डी घेतानाही ती खाच उघडून बघा. मधे गोल ठिपका दिसला पाहिजे.

आणि दोघांसाठी एक: कॅननच्या आरएफ आणि निकॉनच्या झेड लेन्स मिररलेसच्या आहेत. त्या डीएसएलआरवर कुठल्याही उपायाने बसणार नाहीत. उलट दिशेने मात्र वाट आहे. उद्या मिररलेस घेतलात तर अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स तिथे फोकससकट चालतात. म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

परदेशातून नातेवाईक कॅमेरा आणणार असेल तर नावांचा घोळ समजून घ्या. आपल्याकडची १५००डी युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रिबेल टी७. आपली २००डी मार्क टू म्हणजे तिकडची २५०डी किंवा रिबेल एसएल३. तिकडून आलेल्या बॉडीची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका.

५. लेन्स आधी, बॉडी नंतर

किट लेन्स म्हणजे १८-५५. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण दिवसाउजेडी ती छान काम देते. फक्त घेताना तिच्यावरची अक्षरं वाचा: कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर. ही हाताचा कंप सावरणारी सोय. दोन्ही कंपन्यांनी ही सोय नसलेल्या १८-५५ ही विकल्या आहेत आणि दिसायला त्या तशाच असतात.

रात्रीच्या पालखीसाठी मला लागली ती ५० मिलिमीटर एफ १.८ (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा आकडा, आकडा लहान तितकं भोक मोठं). हिशोब असा: किट लेन्स ५५ ला ओढली की तिचं भोक जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडतं. एफ १.८ त्याच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला १/२० सेकंद लागतो तिथे हिला साधारण १/२०० पुरतो. १/२० ला नाचणाऱ्या माणसाला चार हात येतात, १/२०० ला दोनच. माझ्या पिवळ्या ढगाचं सगळं गणित एवढंच होतं. बॉडी बदलून ते सुटलं नसतं.

कॅननची ५० एफ १.८ एसटीएम ही बहुतेक सगळ्यांची पहिली खरी लेन्स. निकॉनवाल्यांनी ३५ एफ १.८ डीएक्स बघावी. याचं कारण सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीचा, आकार. या सगळ्या बॉडींचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, म्हणून कॅननवर ५० ची लेन्स ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत वाढदिवस काढायचा तर ५० ने पाठ भिंतीला टेकते. पक्ष्यांसाठी हाच तोटा फायद्याचा: कॅननवर २५० ची लेन्स ४०० सारखी पोचते. धनेशासाठी मी सेकंडहँड ५५-२५० एसटीएम घेतली आणि अजून तीच वापरतो.

६. नवा की जुना

नवा घ्यायचा असेल तर जीएसटीचं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीला २८ वरून १८ टक्के झाला. ‘बिल नको असेल तर एवढे कमी’ असं कोणी म्हणालं तर समजा की कमी होतेय ती वॉरंटी.

माझं मत जुन्याच्या बाजूने आहे. पण जुन्यातही दोन जाती असतात. एक लग्नवाल्यांचा कॅमेरा: भरपूर वापरलेला, रबर झिजलेलं, पण रोज हातात असलेला. दुसरा हौशी माणसाचा: हनिमूनला घेतला, मग कपाटात. जाहिरातीत ‘फक्त तीन हजार क्लिक’ असं लिहिलेलं असतं आणि नवशिका हुरळतो. आमच्याकडच्या हवेत चार पावसाळे कपाटात काढलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं असण्याची शक्यता लग्नवाल्याच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त. मी असाच एक हौशी माणसाचा कॅमेरा जवळजवळ घेतला होता. बाहेरून नवरीसारखा, आणि लेन्समधून टॉर्च मारला तर आत कोळिष्टकं.

म्हणून शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, बघा, पण त्याचीच पूजा करू नका. डी३५०० चं शटर एक लाख आणि डी७२०० चं दीड लाख क्लिकांपर्यंत तपासलेलं आहे. साध्या बॉडीचे ३० ते ४० हजार झाले असतील तर घाबरायचं कारण नाही.

आणि महापुराची आठवण ठेवा. जुलै २०२१ मध्ये आमचं चिपळूण बुडालं तेव्हा किती कॅमेरे पाण्यात गेले असतील कोण जाणे. पूर काही एकट्या चिपळूणला येत नाही, आणि पाण्यात गेलेल्या वस्तू वाळवून पुढे विकल्या जातात. स्क्रूवर गंज, बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी पूड, कार्डाच्या खाचेत मातीची रेघ, यातलं काहीही दिसलं तर किंमत कितीही उतरवून सांगू देत, उठा.

७. जुना कॅमेरा तपासण्याची रीत

बोरा बाजार सीएसएमटीहून चालत पाच-दहा मिनिटांवर. सकाळच्या गाडीने पोचलात तर निवांत चहा घ्या, दुकानं अकराच्या आधी नीट उघडत नाहीत, आणि रविवारी जाऊ नका. सोबत न्यायच्या गोष्टी: स्वतःचं मेमरी कार्ड, छोटा टॉर्च, एक वर्तमानपत्र आणि जमलं तर लॅपटॉप. दुकानदाराने घाई केली तर घड्याळ बघून सांगा, ‘काका, वीस मिनिटं लागतील.’ चांगला दुकानदार स्टूल देतो. न देणाऱ्याकडे मी थांबलो नाही.

*लेन्स.* दोन्ही टोपणं काढा, मागून टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा पिंपळपानाच्या शिरांसारखी नक्षी म्हणजे बुरशी. निकॉनची लेन्स बॉडीवरून काढली की भोक उघडमीट करणाऱ्या आतल्या पात्या मिटलेल्या असतात. मागच्या बाजूचा छोटा दांडा बोटाने सरकवा म्हणजे उघडतील. तो सोडल्यावर पात्या झटकन मिटल्या पाहिजेत. आळसावल्यासारख्या मिटल्या तर त्यांना तेल लागलंय. कॅननच्या पात्या उघड्याच राहतात, काही करावं लागत नाही.

*व्ह्यूफाइंडर.* धूसर दिसलं म्हणून कॅमेरा नाकारू नका. डोळ्याच्या खाचेशेजारी बारीक चकती असते, ती फिरवून आतले आकडे ठळक करा. मी एक उत्तम बॉडी याच अज्ञानातून परत ठेवली होती, शेजारच्या गिऱ्हाईकाने दाखवलं तेव्हा कळलं. आत दिसणारी धूळ फोटोत येत नाही.

*सेन्सर.* एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पडद्यावर मोठा करा. काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते, पण भावात धरा. मग टोपण लावून काही सेकंदांचा फोटो काढा. काळोखात लाल-निळे टाचणीएवढे दिवे किती दिसतात ते बघा. एखाद-दुसरा चालेल.

*शटर.* सगळ्यात जास्त वेग, साध्या बॉडीत १/४०००, लावून उजेडातल्या भिंतीचे दहा फोटो काढा. फोटोची एक बाजू काळपट आली तर शटर थकलंय. मग बटण दाबून धरून सलग फोटो काढा. मध्येच एरर दाखवून थांबला तर आपणही थांबावं.

*फोकस.* वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरकं बसून मधल्या एका मथळ्यावर फोकस करा. फोटो मोठा केल्यावर तोच मथळा सगळ्यात ठळक हवा. पुढची किंवा मागची ओळ ठळक येत असेल तर लेन्स-बॉडीचं जुळत नाही.

*शटर काउंट.* निकॉनमध्ये तो प्रत्येक फोटोच्या माहितीतच लिहिलेला असतो. कार्डावरची मूळ फाइल लॅपटॉपवर एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने उघडली की दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये केबल लावून सॉफ्टवेअरनेच वाचावा लागतो. घरबसल्या सौदा करत असाल तर विकणाऱ्याला मूळ फाइल मागा, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ही माहिती गळून जाते.

बाकी झटपट: फ्लॅश उघडतो का, प्रत्येक बटण आणि चकती, पडदा, केबलची तोंडं, पकडीचं रबर फुगलंय का. तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी आधी उघडलाय, कशासाठी ते विचारा. डी७२०० सारख्या बॉडीत मेनूमध्येच बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ म्हणजे बदलायला झाली. आणि काही झालं तरी आतल्या आरशाला बोट लावू नका, फुंकरही नको.

८. कागद

दुकानातून जुना घेतलात तरी पावती घ्या. तिच्यावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरीयल नंबर लिहून हवा. बॉडीचा नंबर तळाशी असतो, खोक्यावरच्याशी ताडून बघा. दुकानदाराने तोंडी दिलेली ‘पंधरा दिवसांची गॅरंटी’ त्याच पावतीवर लिहून घ्या.

थेट व्यक्तीकडून घेत असाल तर एवढं गोळा करा:

- मूळ बिल किंवा त्याचा फोटो
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, त्यावर त्याची सही
- साध्या कागदावर ‘अमुक नंबरचा कॅमेरा अमुक रकमेला, अमुक तारखेला विकला’
- पैसे यूपीआयने, म्हणजे नोंद राहते

बिल नाही, खोकं नाही, चार्जरही नाही, आणि ‘आजच्या आज घ्या’ अशी घाई. असा माल चोरीचा असण्याचा संभव मोठा. आधी पैसे पाठवा, मग कुरिअर करतो म्हणणाऱ्याला एकदाच ‘व्हिडिओ कॉलवर दाखवा’ म्हणून बघा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

९. सोबतचं सामान

३२ जीबीची दोन कार्डं एका ६४ पेक्षा बरी. एक बिघडलं तर अर्धीच वारी जाते. रॉ (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ) फाइल २५ एमबीच्या आसपास धरली तर एका कार्डावर हजारेक फोटो मावतात. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून नवं कार्ड एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण भरून तपासा. जादा बॅटरी १५००डी साठी गरजेची, ती एका चार्जवर ५०० फोटोंच्या आसपास दमते. डी३५०० तब्बल १५५० काढते, तिथे घाई नाही. शंभर रुपयांचे यूव्ही फिल्टर घेऊ नका, चांगल्या लेन्ससमोर खिडकीची काच धरल्यासारखं होतं. ट्रायपॉड गरज पडेल तेव्हा घ्या आणि तेव्हा चांगला घ्या.

१०. पहिला आठवडा

परत करायची मुदत संपायच्या आत निदान पाचशे फोटो काढा. हिरव्या चौकोनातल्या ऑटोवर नको. ए (निकॉन) किंवा एव्ही (कॅनन) या मोडवर चकती ठेवा, भोक तुम्ही ठरवा, बाकी त्याला ठरवू द्या. घरातल्या ट्यूबलाइटखाली एका फोटोत पिवळट, दुसऱ्यात काळपट असं दिसलं तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, वेग १/५० किंवा १/१०० ठेवलात की थांबेल.

आता डबा. झाकणाला रबर असलेला, पाच-सात लिटरचा साधा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी, एका कोपऱ्यात स्वस्तातलं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. कॅमेरा त्याच्या बॅगेत घालून बॅगेसकट डब्यात ठेवू नका, बॅगेचा स्पंज ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढा, दहा-वीस फोटो काढा, लेन्सला उजेड दाखवा.

सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झाला की त्याने पाणी पिऊन घेतलं. मंद आचेवर भाजलं की पुन्हा निळं होतं. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं अजिबात वापरायचं नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. मी पहिल्यांदा आईची पोह्यांची कढई वापरली. ती कढई तिने परत स्वयंपाकघरात घेतली नाही. आता ती कॅमेऱ्याच्या कपाटात असते, आणि पोह्यांसाठी नवी मी आणून दिली. तेवढे बजेटमध्ये धरा.